हुंडी, पेढी आणि मास्टोडॉन

दिवाळीच्या तोंडावर भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, दुकानाचं खातं रात्रीतून बंद झालं." त्याचे कापडाचे दुकान आहे. नवा माल आला की त्याची छायाचित्रे तो एका मोठ्या समाजमाध्यमावर टाकी आणि निम्मी मागणी तिथूनच येई. नऊ वर्षांचा तो राबता एका यांत्रिक संदेशाने संपला. कारण म्हणून 'नियमभंग' एवढाच शब्द होता; कोणता नियम, याचा उल्लेख नव्हता. आमच्या बँकेत खाते गोठवले, तर ग्राहक शाखाधिकाऱ्यासमोर उभा राहून जाब विचारी आणि तेवढ्याने भागले नाही, तर लोकपालाकडे जाई. भाच्याने कोणासमोर उभे राहावे?

एक वाट आहे, ती इथेच सांगून ठेवतो. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्याच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर केंद्र शासनाने २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. भाच्याने अर्ज केला आहे.

या निमित्ताने मी 'संघीय' समाजमाध्यमांचा थोडा अभ्यास केला. शब्द परका वाटला, तरी कल्पना आपल्या घरचीच निघाली. एका गावच्या पेढीने लिहिलेली दर्शनी हुंडी शेकडो कोसांवरची दुसरी पेढी सकारत असे. या साऱ्या पेढ्यांचे मुख्य कार्यालय कुठेही नव्हते. प्रत्येकीचा धनी वेगळा, मुनीम वेगळा, चोपडी वेगळी. समान होती ती केवळ हुंडी लिहिण्याची रीत आणि पत. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील अशा दस्तांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

ऑयगेन रोख्को या जर्मन तरुणाने २०१६ मध्ये सुरू केलेले मास्टोडॉन याच धर्तीचे आहे. तिथे एकच कंपनी, एकच गोदाम असा प्रकार नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत. प्रत्येकाचा चालक निराळा आणि नियमही निराळे. त्यांची परस्परांशी बोलण्याची रीत मात्र एक आहे. तिचे नाव ॲक्टिव्हिटीपब; जानेवारी २०१८ मध्ये तिला वेबच्या जागतिक मानक संस्थेची मान्यता मिळाली. एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाचे लेखन वाचतो, त्याला उत्तर देतो. ईमेलमध्ये चालते तसेच. काही जण इथे यूपीआयचे उदाहरण देतात. ते अर्धेच लागू पडते. बँका अनेक असल्या, तरी प्रत्येक व्यवहार शेवटी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या एकाच यंत्रणेतून जातो. हुंडीला तसा मध्य नव्हता.

थोडे अवांतर. आमच्या साखरखेर्ड्याच्या रणात ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला हरवले आणि दख्खन व्यवहारात दिल्लीपासून सुटले. नाणी मात्र बादशहाच्याच नावाने पडत राहिली. कारभार आपला आणि चलन सर्वांना चालणारे, ही सोय त्या मुत्सद्द्याने तेव्हाच ओळखली होती!

आपल्या देशात मास्टोडॉनचे नाव गाजले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने निलंबित केले, तेव्हा अनेक भारतीयांनी तिकडे धाव घेतली. ती लाट फार टिकली नाही. बाजार जिथे भरतो तिथेच गिऱ्हाईक जाते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

इतरही उणिवा आहेत. सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत नेता येतात. जुने लेखन मागेच राहते. खासगी संदेश चालकाला वाचता येणे शक्य असते, म्हणून दराची बोलणी तिथे करू नयेत. अनेक सर्व्हर हौसेने आणि देणग्यांवर चालतात. चालक थकला की पेढीला कुलूप. गॅब नावाच्या द्वेषपूर्ण मजकुराबद्दल कुप्रसिद्ध संस्थेने २०१९ मध्ये हीच प्रणाली स्वीकारली, तेव्हा बहुतेक सर्व्हरांनी तिच्याशी व्यवहारच तोडला. पत गेलेल्या पेढीची हुंडी कोण घेणार? वरून कोणाचा हुकूम यावा लागला नाही, हे मला विशेष वाटले.

भाच्याला मास्टोडॉनवर खाते उघडून दिले आहे. तिथे त्याचे एकही गिऱ्हाईक अजून नाही. त्याने दुसरेही एक काम केले: जुनी बिले काढून चारशे ग्राहकांची नावे, गाव आणि दूरध्वनी क्रमांक लाल चोपडीत उतरवले. अपिलाचा निकाल यायचा आहे.