ऑफर लेटर मिळाले, मग नोकरी कधी? आयटीतले ‘जॉइनिंग’ का रखडते, समजून घ्या

कॅम्पस मुलाखती संपल्या की इंजिनीअरिंग कॉलेजांबाहेर निवड झालेल्यांच्या फोटोंचे फ्लेक्स लागतात. त्यावर पॅकेज असते, कंपनीचा लोगो असतो. रुजू होण्याची तारीख मात्र नसते. प्रोग्रामर होऊ पाहणाऱ्या फ्रेशरसाठी खरी महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

निवड आणि नोकरी यांत फरक काय?

कॅम्पस भरती बहुतेक ठिकाणी सातव्या सेमिस्टरमध्ये सुरू होते आणि रुजू व्हायचे असते पदवीनंतर. मधल्या काळात विद्यार्थ्याकडे अनेकदा फक्त ‘लेटर ऑफ इंटेंट’ असते. ‘तुम्हाला घेण्याचा आमचा इरादा आहे’, एवढेच ते पत्र सांगते. पगार, पद आणि अटी असलेले ऑफर लेटर नंतर येते. जॉइनिंगची तारीख त्याहीनंतर कळते.

तारीख का लांबते?

भारतातील मोठ्या आयटी कंपन्यांचे बहुतांश उत्पन्न अमेरिका आणि युरोपातील ग्राहकांकडून येते. पूर्वी कंपन्या आधीच भरती करून मुलांना ‘बेंच’वर ठेवत. तिकडून येणारी कामे मंदावली की बेंचचा खर्च जड होतो आणि पहिला ब्रेक नव्या मुलांच्या जॉइनिंगला लागतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ने घटली. इन्फोसिसने २०२२मध्ये निवडलेले सुमारे २,००० जण २०२४मध्येही प्रतीक्षेत असल्याची तक्रार पुण्यातील ‘नाइट्स’ या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. त्यानंतर त्यांना जॉइनिंगच्या तारखा मिळू लागल्या.

फटका कोणाला?

अनेक कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम आहे. एक ऑफर मिळाली की पुढच्या मुलाखतींना बसता येत नाही. म्हणजे विद्यार्थी बांधला जातो आणि कंपनी मोकळी राहते. थांबण्यात वर्ष गेले की बाहेरच्या भरतीचे दारही अरुंद होते, कारण फ्रेशरच्या जाहिरातींत पदवीचे वर्ष ठरवून दिलेले असते. शैक्षणिक कर्जाचे हप्तेही साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. बँक जॉइनिंगची वाट पाहत नाही.

तुम्ही काय कराल?

• हातातले पत्र इरादापत्र आहे की ऑफर लेटर, हे आधी पाहा. जॉइनिंगची तारीख ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

• तारीख मिळेपर्यंत अर्ज करणे थांबवू नका. एखादा प्रोजेक्ट पूर्ण करून गिटहबवर टाका. वर्षभर काय केले, याचे उत्तर त्यातून देता येते.

• बाँड वाचल्याशिवाय सही करू नका. ‘बाँडला कायद्यात अर्थ नसतो’ हा समज धोक्याचा आहे. मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये वैध ठरवली.

• जॉइनिंगसाठी डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागितली, तर पैसे भरू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

कॉलेजांनी काय बदलावे?

मंदीत भरती थांबवणे हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय असू शकतो. पण त्याची सगळी किंमत बावीस वर्षांच्या मुलाने का मोजायची? ठरलेल्या मुदतीत जॉइनिंगची तारीख आली नाही, तर ‘एक नोकरी’चा नियम त्या विद्यार्थ्यापुरता आपोआप रद्द व्हायला हवा. प्लेसमेंटचे आकडे जाहीर करताना ऑफर किती आल्या, यासोबत प्रत्यक्ष रुजू किती झाले, हेही कॉलेजांनी सांगावे. प्रवेश घेताना पालकांनी हाच दुसरा आकडा विचारायला सुरुवात केली, तर तो फ्लेक्सवरही दिसू लागेल.