आमचे खासदार की दिल्लीचे दवंडीवाले?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपण दिल्लीस आपला माणूस पाठवितो तो कशासाठी? गावचा निरोप वर पोचविण्यासाठी की वरचा हुकूम गावात पिटण्यासाठी? पूर्वी गावोगाव दवंडी देणारा असे. तो बिचारा डफ वाजवून सरकारचा हुकूम सांगे आणि चालता होई. हुकूम बरा की वाईट हे त्यास कोणी विचारीत नसे, कारण त्याच्या हाती काही नव्हते, आणि आपल्या हाती काही आहे असे सोंगही त्याने कधी आणले नाही. आज आम्ही दर पाच वर्षांनी उन्हात रांगेत उभे राहून, बोटास शाई लावून जो माणूस निवडतो, तो दिल्लीचे पाणी प्याला की दवंडीवाला होऊन परत येतो. फरक इतकाच की ह्याच्यापुढे डफ नसतो, मोटारींचा ताफा असतो.

हे आम्ही रागाच्या भरात लिहीत नाही. शाळामास्तरास तारखा टिपून ठेवण्याची खोड असते. नाशिक जिल्ह्याच्या कांद्याच्या तारखा आम्ही टिपून ठेवल्या आहेत, त्या वाचा आणि मग आम्हांस बोल लावा.

तारीख १९ ऑगस्ट २०२३. चैत्र-वैशाखात काढलेला उन्हाळी कांदा चाळीत पडून होता. काही सडला, काहीस मोड आले, वजन घटले; उरलेल्याला चार पैसे मिळतील असे दिसू लागले, तोच दिल्लीने परदेशी जाणाऱ्या कांद्यावर शेकडा ४० जकात बसविली. लासलगाव-पिंपळगावचे लिलाव बंद पडले. लोक रस्त्यावर आले. तेव्हा २२ तारखेस जाहीर झाले की सरकार आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी घेईल. ही वार्ता महाराष्ट्रास सांगितली कोणी? राज्याचे उपमुख्यमंत्री त्या वेळी जपानात होते. त्यांनी तेथून सांगितली. निर्णय दिल्लीचा, दवंडी जपानातून, आणि ऐकावयाचा निफाडने!

पुढे २८ ऑक्टोबरला हुकूम आला की टनास ८०० डॉलरच्या खाली कांदा बाहेर विकू नये. आणि ८ डिसेंबरपासून तर दरवाजालाच कुलूप. ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यात साफ बंद.

ज्यांच्या घरी कांदा नाही त्यांनी डिसेंबर महिन्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने दम काढतो. डिसेंबरात येतो तो लाल कांदा. त्याला दम नाही. काढला की काही दिवसांत विकलाच पाहिजे, नाही तर उकिरड्यावर टाकला पाहिजे. अशा वेळी बाजाराचे दार लावणे म्हणजे गाय व्यायला लागली असता गोठ्याला कुलूप घालण्यासारखे आहे. बरे, ३१ मार्चला तरी दार उघडेल म्हणून लोक वाट पाहत होते. २२ मार्चला दुसरा हुकूम निघाला: पुढील सूचना मिळेपर्यंत बंदी चालू. म्हणजे लाल कांद्याचा हंगाम गेला, आणि उन्हाळी कांदा काढावयास विळे हाती घेतले तेव्हाही कुलूप तसेच.

ह्यात एक गंमत झाली. २५ एप्रिलला दोन हजार टन पांढऱ्या कांद्यास बाहेर जाण्याची परवानगी मिळाली. हा पांढरा कांदा मुख्यत्वे गुजरातचा. आमच्या जिल्ह्यात ओरड झाली, तेव्हा दोनच दिवसांत सरकारने खुलासा केला की बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहरीन व संयुक्त अरब अमिराती ह्या सहा देशांस ९९,१५० टन कांदा देण्याची परवानगी आहेच. गुजरातच्या शेतकऱ्याचा आम्हांस हेवा नाही. तोही आमच्यासारखाच मातीत राबतो. पण एका भावास ताटात वाढावयाचे आणि दुसऱ्याने ताट वाजविले की सांगावयाचे, अरे तुझेही चुलीवर आहे, ही रीत कोणत्या घरची?

शेवटी ४ मे २०२४ रोजी दार किलकिले झाले. तेही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के जकात ठेवून. दिंडोरी व नाशिकचे मतदान २० मे रोजी होते. आता ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याने दिवस मोजावेत.

येवल्याचा विणकर किंवा मालेगावचा मागवाला येथे म्हणेल, "गुरुजी, कांदा स्वस्त झाला तर आमचे काय वाईट? आम्ही विकतच घेतो." दादांनो, तुमचे म्हणणे खरे आहे आणि ते टाळून आम्ही पुढे जाणार नाही. गरिबाच्या भाकरीवर कांदा पडलाच पाहिजे. प्रश्न इतकाच की तो स्वस्त करण्याचा खर्च कोणी सोसावा. सरकारच्या खजिन्याने सोसावा, की ज्याच्या अंगावर सोसायटीचे कर्ज आहे त्या कुणब्याने? तुमची पैठणी महाग झाली म्हणून ती महाराष्ट्राबाहेर विकू नये असा हुकूम आजवर निघाला नाही. उद्या निघाला तर तुम्ही काय म्हणाल, तेच आम्ही आज म्हणतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आम्ही दोघे भाऊ. आम्ही शिकून मास्तर झालो, धाकटा शेतीवर राहिला. बाजारात कांदा, डाळ, तेल महाग झाले की त्याची मोजदाद होते आणि त्या हिशेबाने आम्हां नोकरवर्गाचा महागाई भत्ता वाढतो. म्हणजे कांदा महागला तर त्याची भरपाई आम्हांस मिळते. आणि कांदा महागू नये म्हणून जे करावयाचे ते धाकट्याच्या ट्रॉलीवर होते. एका आईच्या दोन लेकरांपैकी एकाला भत्ता, दुसऱ्याला बंदी! बंदीच्या दिवसांत एका रात्री तो लासलगावहून आला, हातपाय धुऊन जेवावयास बसला आणि सहज म्हणाला, "दादा, तुमचा भत्ता वाढला म्हणे." त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. त्याच्या वहिनीने त्याला आणखी एक भाकर वाढली. आम्ही पाण्याचा तांब्या उचलून ओसरीवर गेलो.

शाळेतही तेच. पौषात कांद्याची लागवड चालू असते तेव्हा निम्मा वर्ग वावरात असतो. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करताना हात जड होतो. नफा-तोट्याची उदाहरणे घालताना एका पोराने विचारले, "गुरुजी, पुस्तकातला दुकानदार विक्रीची किंमत आपण ठरवितो, आमच्या कांद्याची कोण ठरवितो?" क्रमिक पुस्तकात कापडवाला, फळवाला, सायकलवाला सगळे आहेत. आपला माल विकून घरी देणे घेऊन येणारा शेतकरी त्यात नाही. अशा गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी कसे छापणार? नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्यास साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये आले. त्याने ती रक्कम मनिऑर्डरने थेट पंतप्रधानांस पाठविली; वर ५४ रुपये टपालखर्च पदरचा. ती मनिऑर्डर परत आली. पैसे पाठवावयाचे तर बँकेमार्फत विजेच्या यंत्रावर पाठवा, असे त्यास कळविण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एकाला ५१२ किलो कांदा विकून, हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता, दोन रुपयांचा चेक हाती पडला. दोन रुपयांचा!

कोणी म्हणेल, हा मास्तर एका पक्षावर जळतो. तसे नाही. १९८० साली शरद जोशींच्या मागे ह्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी कांदा व उसाच्या भावासाठी रस्ते अडविले, तेव्हा दिल्लीत राज्य दुसऱ्यांचे होते. डिसेंबर २०१० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०११ मध्ये कांद्याची वाट अडविली गेली, तेव्हा देशाचे शेतीखाते महाराष्ट्राच्याच शरद पवारांकडे होते. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी आली ती मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली. ह्या शेवटच्या बंदीची तर कमाल आहे. त्याच सप्टेंबर महिन्यात संसदेने कायदा केला की कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या बंधनातून सोडविला, शेतकरी आता मोकळा झाला. एका हाताने बेडी काढल्याचा फोटो आणि दुसऱ्या हाताने दाराला कडी! राज्ये पालटली, झेंड्यांचे रंग पालटले. कुलूप मात्र एकाच कारखान्याचे.

४ डिसेंबर २०१९ रोजी कांद्याच्या महागाईवर लोकसभेत बोलणे चालले असता अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या की, आपण कांदा-लसूण फारसा खात नाही, आपल्या घराण्याचा कांद्याशी विशेष संबंध नाही. त्यांनी काय खावे हा त्यांचा प्रश्न. मनूने द्विजांस कांदा वर्ज्य सांगितला आहे. आमच्या वाडवडिलांस त्याचे सोयरसुतक कधी नव्हते, ते बुक्कीने कांदा फोडून भाकरीबरोबर खात आले. पण ज्यांच्या घराण्याचा कांद्याशी संबंध नाही त्यांच्या सहीने आमच्या घराण्याचे वर्ष ठरते, हे त्या दिवशी उघड झाले. आणि महाराष्ट्रातून गेलेल्या अठ्ठेचाळीस खासदारांची घराणी? त्यांतील कितीकांच्या वावरात कांदा असेल. त्यांच्या पुढाऱ्यांनी डोळा मोठा केला की त्यांचाही संबंध संपतो.

ह्यावरून जोतीराव फुल्यांची आठवण होते. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांस मेजवानी होती. भरजरी पोशाखाच्या त्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा देश ह्या दिवाणखान्यात नाही, खेड्यात आहे, हे राणीच्या पुत्रास तोंडावर सांगितले. त्यांस कोणी मते देऊन पाठविले नव्हते. त्यांना पगार नव्हता, विमानाचे तिकीट नव्हते, निवृत्तिवेतन तर नाहीच.

बंदीच्या काळात दिंडोरीच्या खासदार केंद्रात राज्यमंत्री होत्या. त्यांनी आत काही सांगितले असेल तर ते आतच राहिले. १५ मे २०२४ रोजी पंतप्रधान पिंपळगाव बसवंतास आले. भर सभेत एका तरुणाने ओरडून म्हटले, कांद्यावर बोला. कांद्याच्या पेठेत येऊन कांद्यावर बोला म्हणून ओरडावे लागावे! ४ जूनला पेट्या उघडल्या तेव्हा दिंडोरी व नाशिक दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या होत्या. कांद्याने रडविले, असे खुद्द तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणाले. दिंडोरीस निवडून आले ते शाळामास्तर. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून जरा बरे वाटले, खोटे कशास बोला. पण ऑगस्टात विरोधी खासदार संसदेच्या आवारात कांद्याच्या माळा घालून उभे राहिलेले पाहिले, आणि मनात आले की माळेने फोटो चांगला येतो, भाव येत नाही.

मग १३ सप्टेंबर २०२४ रोजी ५५० डॉलरची अट गेली, जकात ४० ची २० झाली. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात होती! मध्यंतरी लाडक्या बहिणींस महिना १,५०० रुपये सुरू झाले होते. आमच्या घरच्या बायकांनी ते घेतले, घ्यावेतच. कांदे लावून लावून कंबर त्यांचीच मोडते. पण वर्षभर चाळीतून नेलेले पोत्याने आणि परत दिलेले मुठीने, हा हिशेब त्यांच्यापुढे कोणी मांडला? जिल्ह्यातील १५ पैकी १४ जागा सत्ताधाऱ्यांस मिळाल्या. उरलेली जकात १ एप्रिल २०२५ पासून उठली. तोवर आमचे परदेशी गिऱ्हाईक पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा घेऊ लागले होते. दुकान वारंवार बंद ठेवणाऱ्याच्या दारी कोण उभा राहतो? हे किराणावाल्याच्या पोरासही समजते.

तेव्हा बंधूंनो, मेहेरबानी मागू नका. मागणे साधे आहे. कांद्याचे उळे टाकण्याआधी सरकारने सांगावे की ह्या हंगामात दार उघडे राहील की बंद. एकदा रोप वावरात गेले की कांदा विकेपर्यंत हुकूम बदलू नये. बदलावयाचाच असेल तर पडलेल्या भावाची भरपाई क्विंटलमागे खजिन्यातून द्यावी. आणि खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याने दर अधिवेशनानंतर बाजारच्या गावी येऊन आपण कांद्याविषयी काय विचारले व काय उत्तर मिळाले ते कागदावर आणून वाचून दाखवावे. येत्या ग्रामसभेत असा ठराव घाला, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची नक्कल खासदाराच्या घरी स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा. ठरावाचा मसुदा आम्ही फुकट लिहून देऊ. अक्षर बरे आहे.

— एक खेडूत शिक्षक, जिल्हा नाशिक