काय वाचून राह्यले, भाऊ?

'आपले आवडते पुस्तक कोणते?' हा प्रश्न मराठी वाचकाला विचारण्याची कायद्याने बंदी करावी, अशी माझी सूचना आहे, आणि ती मी थट्टेने करीत नाही. या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रश्नाने आमच्या वाङ्मयीन जीवनात जेवढा खोटेपणा आणला आहे, तेवढा टीकाकार आणि प्रकाशक या दोघांना मिळूनही आणता आलेला नाही. प्रश्न कानावर पडताच चांगला भला माणूस सावरून बसतो, सदऱ्याच्या गुंड्या चाचपतो आणि एखाद्या थोर ग्रंथाचे नाव घेतो. तो ग्रंथ त्याने विसाव्या वर्षी वाचलेला असतो, किंवा वाचलेलाच नसतो. त्या घटकेला त्याच्या उशाशी जे पुस्तक पालथे पडलेले असते, त्याचे नाव मात्र काही केल्या त्याच्या तोंडातून निघत नाही.

आमच्या वऱ्हाडात याहून बरा एक प्रश्न आहे. 'काय वाचून राह्यले, भाऊ?' पुण्याच्या व्याकरणाला या क्रियापदाचे हसू येत असेल तर येवो. पण त्याची खुबी ध्यानात घ्या. 'राह्यले' म्हणताच क्रिया चालू आहे, संपलेली नाही, हे गृहीत धरले जाते. विचारणारा तुमच्याकडे निकाल मागत नाही. तुम्ही कोठवर आलात, पुढे काय होईल असे तुम्हांला वाटते, एवढेच त्याला हवे असते. त्याला उत्तर द्यायला विद्वत्ता लागत नाही. फक्त खरोखरच काही वाचत असावे लागते. आणि नेमकी तीच अट आम्हांला अवघड झाली आहे.

या रोगाची लागण शाळेत होते. मी शाळामास्तर आहे. हा रोग दरसाल माझ्या डोळ्यांदेखत पसरतो. 'माझे आवडते पुस्तक' हा निबंध घातला की चाळीस वह्यांतून चाळीस वेळा 'श्यामची आई' येते. १९३५ साली छापले गेलेले हे पुस्तक थोर आहे, याविषयी माझा वाद नाही. परंतु पाण्याला भिणाऱ्या श्यामला पोहायला धाडण्यासाठी त्याच्या आईने काय केले, असे वर्गात विचारले की चाळीस माना खाली जातात. निबंध पुस्तकावरून उतरलेला नसतो, मार्गदर्शिकेवरून उतरलेला असतो. त्याच वर्गात एक मुलगा कापसावरच्या बोंडअळीची माहिती देणारी पुस्तिका बापाला रोज रात्री वाचून दाखवीत होता आणि तिच्यातली औषधांची प्रमाणे त्याला तोंडपाठ होती. त्याने वहीत काय लिहिले? 'श्यामची आई'. खरे वाचन लपवावे आणि न केलेले मिरवावे, हे वयाच्या बाराव्या वर्षी त्याला कोणी शिकवले? आम्हीच. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जन्मदिनी, आम्ही 'वाचन प्रेरणा दिन' पाळतो. मुले रांगेने बसतात, पुस्तके छातीशी धरतात, छायाचित्र निघते, आणि पुस्तके मोजून पुन्हा कपाटात जातात. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत किल्ली सुखरूप!

ही मुले मोठी झाली की सभेला येतात. अमरावतीला या किंवा अकोल्याला. कोणत्याही व्याख्यानमालेत चार माणसांना आवडते पुस्तक विचारा. 'ययाती', 'स्वामी', 'मृत्युंजय'. जरा नवे दिसायचे असेल तर 'कोसला'. तीही पुस्तके मोठीच आहेत. पण वऱ्हाड खरोखर काय वाचतो? अकोल्यापासून शेगावपर्यंत कोणत्याही गावात जा. दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय ज्या घरात वाचले जात नाहीत असे घर शोधून काढावे लागेल. अमरावतीकडे तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' आहे. या ग्रंथांची पाने हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली असतात, कोपरे झिजलेले असतात. एखाद्या पुस्तकाला याहून मोठे मानपत्र कोणते? तरी सभेत कोणी यांचे नाव घेत नाही. कारण ते 'साहित्य' नव्हे, असे आम्हांला कोणीतरी सांगून ठेवले आहे. तीच गत दुसऱ्या टोकाची. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड या प्रांतातल्या फिरत्या वाचनालयांतून किती उशांखाली निजले असतील, याची गणती नाही. वाचणारे वकील होते, मास्तर होते, तहसील कचेरीतले कारकून होते. पण चारचौघांत कबूल कोणी केले?

यात बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. माणसाने खासगीत काय वाचावे आणि चारचौघांत काय सांगावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी म्हणतो, नाही. ज्या पुस्तकाविषयी कोणी कोणाशी बोलत नाही ते पुस्तक मरते, आणि या मरणाला लेखक जबाबदार नसतो, वाचक असतो. उद्धव शेळक्यांचे उदाहरण घ्या. हा माणूस अमरावतीत राहिला आणि लेखणीवर जगला. १९६० साली त्यांची 'धग' आली. तिच्यातली कौतिक आमच्या गल्लीतली बाई आहे. ती आमच्या बोलीत भांडते, आमच्या बोलीत रडते, आणि परिस्थितीपुढे हात टेकायचे नाकारते. मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या कादंबऱ्यांत 'धग'चे नाव घेतले जाते, आणि रास्त घेतले जाते. पण शेळक्यांनी पोटासाठी शंभरावर पुस्तके लिहिली. ती छापली गेली, वाचनालयांतून फिरली, लोकांनी जागरणे करून वाचली. आज त्यांतल्या पाचांची नावे सलग सांगणारा वाचक मला अमरावतीच्या राजकमल चौकात भेटवून द्या! ती सगळी वाईट होती काय? असतील किंवा नसतीलही. सांगणार कोण? ज्यांनी वाचली ते लाजले, आणि ज्यांना सांगण्याचा अधिकार होता त्यांनी वाचली नाहीत. मनोहर तल्हारांची 'माणूस' ही सायकलरिक्षा ओढणाऱ्याच्या जिण्यावरची कादंबरी याच अमरावतीची. तिचेही नाव किती तोंडांत उरले आहे?

या बाबतीत आमच्या मातीने एक धडा फार पूर्वी गिरवून ठेवला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ झाला कसा? म्हाइंभट एका खोलीत बसून राहिला नाही. चक्रधरांना ज्यांनी पाहिले, ऐकले, अशा माणसांकडे तो गेला, नागदेवाचार्यांना विचारीत राहिला, आणि ज्याला जे आठवले ते त्याने टिपून घेतले. विचारणे आणि सांगणे यांतूनच मराठी गद्य जन्माला आले. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरपली, असे परंपरा सांगते. तेव्हा ती पुन्हा उभी राहिली ती शिष्यांनी एकमेकांना सांगितलेल्या आठवणींतून. म्हणजे पोथी गेली तरी ती सांगणारी माणसे होती, म्हणून ग्रंथ वाचला.

याच ग्रंथाची दुसरी बाजूही पाहा. पुढे महानुभावांनी आपले वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. परक्यांच्या हाती ते विटाळू नये, हा हेतू समजण्यासारखा होता. परंतु परिणाम काय झाला? विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत मराठी माणसाला आपल्या पहिल्या गद्यग्रंथाचा पत्ता नव्हता. ग्रंथ होता, शाबूत होता, मठांतून पूजिला जात होता. आणि तरी बाकीच्या महाराष्ट्रापुरता तो नव्हताच. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ निघाले आहे, २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आनंद आहे. पण जो वाचक आपले वाचन कोणाला सांगत नाही तो आपल्यापुरती एक सकळ लिपीच चालवीत असतो, आणि ती उलगडायला राजवाडे पुन्हा जन्माला येणार नाहीत.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात.

पहिला विद्वानांचा. जो तो पुस्तकांवर बोलू लागला तर टीकेची पातळी घसरेल, असे ते म्हणतात. एका परिसंवादात एका वक्त्याने सामान्य वाचकाने 'आवडले, नाही आवडले' या पलीकडे जाऊ नये, असे मला सुनावले होते. गंमत अशी की सामान्य वाचक कधीच तेवढ्यावर थांबत नाही. 'त्या बाईनं घर सोडाले नोको होतं' असे एखादी आजी म्हणते, तेव्हा तिने पात्राच्या स्वभावाची आणि कथानकाच्या गरजेची दोन्ही चर्चा एका वाक्यात उरकलेली असते. वऱ्हाडात चातुर्मासात पोथी लागायची. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि बाकीच्यांनी मध्येच अडवून 'मंग पुढं?' म्हणायचे. ही आमची टीकाशाळा होती. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' पत्रातून तुकड्यातुकड्यांनी येत, तेव्हा सारे वाचक एकाच पानावर येऊन थांबत आणि आठवडाभर पुढच्याची चर्चा करीत. हेच हरिभाऊ १९१२ साली अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. त्या वाचकांनी कोणाची पातळी घसरवली?

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. पुस्तक दिले की परत येत नाही. परहस्ते गेलेले पुस्तक गेलेच, असे बजावणारे सुभाषित यांना पाठ असते. मी विचारतो, जे दिले नाही त्याचे काय झाले? काचेच्या कपाटात त्याला वाळवी लागली, आणि मालक वारल्यावर मुलांनी ते रद्दीत किलोने घातले. न परतलेले पुस्तक निदान कोणाला तरी हवे होते!

तिसरा आक्षेप रडव्यांचा: हल्ली वाचतो कोण? बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीत प्रत्येक मान मोबाईलवर वाकलेली असते, हे मलाही दिसते. पण त्या मानांना तुम्ही कधी विचारले काय? महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अ, ब, क, ड अशा वर्गांची हजारो अनुदानित वाचनालये आहेत. अकोल्याच्या बाबुजी देशमुख वाचनालयासारखी एकोणिसाव्या शतकात निघालेली संस्था आजही उभी आहे. विदर्भ साहित्य संघ १९२३ साली अमरावतीतच स्थापन झाला. घरे आहेत, कपाटे आहेत, पुस्तके आहेत. नाही ती फक्त तोंडे.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला अनुदान लागत नाही. प्रत्येक वाचनालयाने देवघेवीच्या टेबलावर एक जाड वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने तीत दोन ओळी लिहाव्यात: कोठे रमलो, कोठे कंटाळलो, आणि हे पुस्तक मी कोणाला वाचायला देईन. नाव लिहायची लाज वाटली तर लिहू नये. आजही वाचक हे चोरून करतातच. पुस्तकाच्या समासात शिसपेन्सिलीने कोणी 'सुंदर' लिहितो, कोणी 'भिकार' लिहितो, आणि एखादा नतद्रष्ट रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवतो. समासातली ही मते वहीत आणा. शाळांनी 'माझे आवडते पुस्तक' हा निबंध पाच वर्षे घालू नये. त्याऐवजी मुलाला उभे करून विचारावे, 'काय वाचून राह्यला रे?' तो बोंडअळी म्हणाला तर बोंडअळी ऐकून घ्यावी.

आणि वाचकहो, हा दिवाळी अंकही याच परीक्षेला उभा आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा अंक एकट्याने वाचायची वस्तू कधीच नव्हती. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत वर्गणी भरून हाच अंक पौषापर्यंत वीस घरे फिरेल, त्याचे मुखपृष्ठ फाटेल, कोणी त्यावर चहाचा पेला ठेवील. ठेवू दे. फक्त अंक पुढच्या घरी देताना मुकाट्याने देऊ नका. यातली कोणती कथा टाकाऊ आहे आणि कोणती टाळू नये, हे दारात उभ्या उभ्या सांगा. हा लेख टाकाऊ वाटला तर तेही सांगा.