केसांचा रंग आणि वर्गातील जागा

वाचकहो, शाळेची परंपरा विद्यार्थ्याच्या हक्काहून श्रेष्ठ मानावी काय? जपानमध्ये हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, म्हणून तो आपणापुढे मांडीत आहे.

ओसाका प्रांतातील एका सरकारी हायस्कुलात 2015 साली एका मुलीने प्रवेश घेतला. तेथे केस रंगविण्यास बंदी होती. आपले केस जन्मतःच तपकिरी आहेत, असे मुलगी सांगत होती. तरीही शिक्षक तिला ते काळे रंगवून येण्यास वारंवार फर्मावीत होते. रंगाला बंदी करणाऱ्या नियमाने रंगाचीच सक्ती करावी, हा न्याय अजबच! अखेर तिने शाळेत जाणे सोडले. 2017 साली ती तिसऱ्या वर्षात गेली, तेव्हा वर्गाच्या यादीत तिचे नाव नव्हते आणि वर्गातील तिचे बाकही काढून टाकण्यात आले होते.

16 फेब्रुवारी 2021 रोजी ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने नाव व बाक काढणे बेकायदा ठरवून 3,30,000 येन भरपाई देवविली. परंतु केसांचा नियम मात्र वाजवी ठरविला. केसांची मुळे काळीच होती, ही शिक्षकांची साक्ष ग्राह्य धरली गेली. स्वतःच्या डोक्यावरील केसांविषयीही मुलीच्या शब्दाला किंमत उरली नाही!

असल्या नियमांना कारण नव्हते असे नाही. 1980 च्या सुमारास जपानी शाळांत हिंसाचार माजला होता, त्या भीतीपोटी शिस्त आवळली गेली. भीती ओसरली, नियम मात्र परंपरा होऊन बसले.

सर्वच परंपरा त्याज्य, असे माझे म्हणणे नाही. जपानी शाळांत मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, पुष्कळ ठिकाणी शौचालयेही धुतात. झाडू कोणाच्या हाती द्यावयाचा हे तेथे जन्मावरून ठरत नाही. अशी परंपरा आपल्या शाळांत आली तर मी तिचे स्वागतच करीन. ती सर्वांना एका पायरीवर आणते. केसांचा नियम एकाच मुलीला वर्गाबाहेर काढतो.

2016 पासून जपानमध्ये अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मतदार बसतात. एप्रिल 2022 पासून टोकियोच्या सरकारी हायस्कुलांनी केस सरसकट काळे ठेवण्याचे व अंतर्वस्त्रांचा रंग ठरविण्याचे नियम रद्द केले. त्याच वर्षी डिसेंबरात शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेने नियमांचा फेरविचार करताना विद्यार्थ्यांचे मत ऐकावे, असे सुचविले. नियम करण्याचा अधिकार मात्र आजही मुख्याध्यापकांच्याच हाती आहे.