नेम गुणफलकावर नको

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधील ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे गुडघ्यावर बसून नेमबाजी झाली तेव्हा सहावा होता, पालथे झोपून झाली तेव्हा पाचवा. सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या उभ्या स्थितीत तो वर सरकत गेला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिम्पिक पदक. नंतर पत्रकारांशी बोलताना त्याने सांगितले, की आपण गुणफलकाकडे पाहत नव्हतो. छाती धडधडत होती, पण लक्ष श्वासावर ठेवले आणि वेगळे काही करायला गेलो नाही.

त्याआधी दहा महिन्यांपूर्वी, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, याच प्रकाराच्या अंतिम फेरीत स्वप्नील आघाडीवर होता. उभ्या स्थितीत एक नेम ७.६ वर गेला आणि तो चौथा आला. दोन्ही दिवशी कौशल्य जागतिक दर्जाचेच होते. एका नेमाने पदक हातचे जाते आणि तोच खेळाडू वर्षभराच्या आत ऑलिम्पिकच्या मंचावर उभा राहतो, ही गोष्ट जळगाव-धुळ्यातल्या पालकांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. कारण या पदकानंतर 'मुलाला नेमबाजीला घालावे का?' हा प्रश्न इथल्या घरांतही विचारला जाणार, आणि त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येणार: 'किती दिवसांत मेडल येईल?'

हा दुसरा प्रश्नच मुलाच्या हाताला थरथर आणतो.

प्रश्नामागचे कारण समजण्यासारखे आहे. केळी किंवा कापसाच्या पैशातून घर चालते. चांगल्या परदेशी हवाई रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. त्यात जॅकेट, छर्रे, प्रशिक्षण आणि प्रवास मिळवा. मग जिल्ह्यात नंबर, नाशिक विभागात नंबर, राज्यात पदक, दहावी-बारावीला क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण असा हिशेब घरात मांडला जातो. हिशेब चुकीचा नाही. पण तो मुलाच्या डोक्यात भरून त्याला फायरिंग पॉइंटवर उभे केले, तर खेळ सुरू होण्याआधीच अर्धा हरलेला असतो.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. १० मीटर हवाई रायफलीच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. इतक्या बारीक कामात आपल्याला एरवी न जाणवणाऱ्या हालचालीही मोजल्या जातात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीराला सूक्ष्म हेलकावा बसतो. श्वासाबरोबर छाती वर-खाली होते आणि बंदुकीची नळीही. मनात भीती आली, की अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, तळहात घामेजतात, बोटांचा नैसर्गिक कंप वाढतो. धावपटूला किंवा कुस्तीगिराला हीच उत्तेजना थोडीफार मदत करते. नेमबाजाला ती मारक ठरते. त्याला पळायचे नसते, लढायचे नसते, स्थिर राहायचे असते.

मेंदूचेही असेच आहे. कुशल नेमबाजांच्या मेंदूच्या विद्युत आलेखांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले आहे, की चाप ओढण्याआधीच्या काही सेकंदांत डाव्या कानशिलाकडच्या भागाची, म्हणजे भाषा आणि विश्लेषणाशी संबंधित भागाची, लगबग कमी होते. सोप्या शब्दांत, मनातली बडबड थांबते आणि सरावलेले शरीर आपले काम करते. 'हा नेम चुकला तर बाबा काय म्हणतील?' हे वाक्य त्या क्षणी मनात आले, की ती बडबड पुन्हा सुरू झालीच.

मग ध्येय ठेवायचेच नाही का? तसे मुळीच नाही. ध्येय तीन प्रकारचे असते, आणि कोणते कुठे ठेवायचे हे कळणे महत्त्वाचे. पहिले निकालाचे: पदक, क्रमांक, निवड. ते इतरांच्या कामगिरीवरही अवलंबून असते. दुसरे कामगिरीचे: आज सरासरी ५८० आहे, तीन महिन्यांत ५८५ करायची. ते स्वतःशी तुलना करते. तिसरे कृतीचे: प्रत्येक नेमाआधी पाय तसेच ठेवायचे, श्वास तसाच सोडायचा, चाप हळू दाबायचा, नेम सुटल्यावरही क्षणभर रायफल तशीच धरायची. हे पूर्णपणे खेळाडूच्या हातात असते.

निकालाचे ध्येय भिंतीवर लावावे. वर्षाचे वेळापत्रक आखायला, पहाटे उठायला ते उपयोगी पडते. कामगिरीचे ध्येय डायरीत लिहावे आणि महिन्यातून एकदा पाहावे. फायरिंग पॉइंटवर मात्र फक्त कृतीचे ध्येय सोबत न्यावे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले, की स्पष्ट आणि थोडे अवघड ध्येय 'जमेल तेवढे कर' या मोघम सल्ल्यापेक्षा चांगले काम करून घेते. पण काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, तर आकड्याच्या ध्येयापेक्षा शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी ठरते, हेही याच संशोधनाच्या परंपरेतून पुढे आले. बारा वर्षांच्या मुलाला 'यंदा स्टेटला मेडल' असे सांगणारे पालक यातला दुसरा अर्धा भाग विसरतात.

मनाची ही कसोटी जगातल्या श्रेष्ठांनाही सुटलेली नाही. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स हा स्वप्नीलच्याच प्रकारातला दिग्गज. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये शेवटचा नेम उरला तेव्हा तो स्पष्ट आघाडीवर होता. त्याने तो नेम शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर मारला आणि तो आठवा आला. २००८ मध्ये बीजिंगला पुन्हा शेवटच्या नेमापर्यंत आघाडी होती. चाप वेळेआधीच दाबला गेला, ४.४ गुण मिळाले आणि तो चौथा आला. २०१२ मध्ये लंडनला याच प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. जिल्हा स्पर्धेत एक नेम आठवर गेला म्हणून मुलीला परतीच्या एसटीत रडवणाऱ्या वडिलांनी ही तीन वर्षे लक्षात ठेवावीत.

मनाचा सराव म्हणजे 'टेन्शन घेऊ नकोस' असे सांगणे नव्हे. ती सूचना कधीच कामाला आलेली नाही. असोद्याच्या बहिणाबाईंनी मनाला मोकाट गुराची उपमा दिली, ती इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळते. गुराला नुसते हाकलून भागत नाही, त्याला बांधायला खुंटा लागतो. नेमबाजाचा खुंटा म्हणजे त्याचा ठरलेला क्रम.

हा क्रम प्रत्येक नेमाला तोच असतो. पवित्रा घेणे, एक शांत श्वास, लांब उच्छ्वास, रायफल लक्ष्यावर स्थिरावणे, चाप. उच्छ्वास लांबवला, की हृदयाचा वेग किंचित उतरतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. उच्छ्वासानंतरच्या नैसर्गिक विरामात काही सेकंद मिळतात. त्यात नेम सुटला तर ठीक. नाही सुटला, तर श्वास रोखून ताणत बसायचे नाही, कारण थोड्याच वेळात नजर धूसर होऊ लागते आणि कंप वाढतो. अशा वेळी बंदूक खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. नवशिक्याला हीच गोष्ट सर्वांत जड जाते. 'एवढा वेळ धरली आहे, आता मारूनच टाकू' असे वाटते, आणि तोच नेम बहुधा बिघडतो.

याखेरीज रोज दहा-पंधरा मिनिटांचा घरचा सराव पुरतो. पाच मिनिटे डोळे मिटून संपूर्ण नेम मनात मारायचा, अगदी जॅकेटचा स्पर्श आणि चापाचा ताणही आठवायचा. मोठ्यांच्या देखरेखीखाली, छर्रा नसल्याची दोनदा खात्री करून, ड्राय प्रॅक्टिस करायची. शेवटी डायरीत आजचे गुण न लिहिता तीन गोष्टी लिहायच्या: क्रम किती वेळा पाळला, बंदूक किती वेळा खाली घेतली, उद्या एक काय सुधारायचे. आठवड्यातून एकदा मुद्दाम दडपण तयार करावे. मित्रांना मागे उभे करून गोंगाट करायला सांगावे, एकच नेम मोजायचा असे ठरवावे. बीजिंगचा सुवर्णविजेता अभिनव बिंद्रा स्पर्धेच्या तयारीत भीतीला तोंड देण्यासाठी उंच खांबावर चढला होता. खांब प्रत्येकाला नको, पण भीतीची आधी ओळख करून घेणे प्रत्येकाला हवे.

शरीराकडे दुर्लक्ष करून मन शांत होत नाही, हेही सांगायला हवे. रात्रभर प्रवास करून, अर्धवट झोपेत, उपाशीपोटी कडक चहा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाचा हात कापणारच. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असताना पत्र्याच्या शेडमध्ये जाड जॅकेट घालून सराव केला, तर पाणी कमी पडून ठोके आपोआप वाढतात. ही मनाची दुर्बलता नव्हे. शिबिर सकाळी लवकर ठेवावे, पाणी-सरबत हाताशी असावे आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशीच मुक्कामाला पोहोचावे.

एक इशारा विशेष ठळकपणे द्यावा लागेल. 'हात थरथरू नये म्हणून गोळी' हा सल्ला या खेळात दबक्या आवाजात फिरतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे ठोके आणि कंप कमी करतात, म्हणूनच नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. ही बंदी केवळ स्पर्धेच्या दिवसापुरती नाही, सरावाच्या काळातही लागू आहे. २००८ मध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन ऑलिम्पिक पदके याच औषधामुळे काढून घेतली गेली. दमा असलेल्या मुलाला ही गोळी जीवघेणी ठरू शकते. मायग्रेन किंवा अन्य आजारासाठी डॉक्टरांनी ती खरोखरच दिली असेल, तर मनाने एकदम बंद करू नये. आपण नेमबाज आहोत हे डॉक्टरांना सांगावे, पर्यायी औषध विचारावे आणि नियमानुसार वैद्यकीय सवलतीसाठी अर्ज करावा. दुकानातून स्वतःच आणलेली गोळी मात्र आरोग्य आणि कारकीर्द या दोन्हींशी खेळ आहे.

मनाच्या सरावाने सगळे होते, असा दावाही कोणी करू नये. पवित्रा चुकीचा असेल, रायफल मुलाच्या अंगाला बसत नसेल, प्रशिक्षकच नसेल, तर कितीही ध्यान केले तरी नेम बसणार नाही. काहींचा आक्षेप असतो, की पदकाची भूक नसेल तर मूल कष्ट कशाला करील? भूक हवीच. पण ती सरावाला घेऊन येण्यासाठी. चाप दाबताना ती डोक्यात असून चालत नाही.

आपल्याकडे पैसा आणि सत्कार पदकानंतर येतात, मनाची मदत मात्र हवी असते त्याच्या कितीतरी आधी. शालेय स्पर्धांच्या तयारीत प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून दोन दिवस तरी खेळाडू, पालक आणि क्रीडा शिक्षकांना एकत्र बसवून हे शिकवता येईल. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. क्रीडा कार्यालयाने मानसोपचार विभागाला एक पत्र पाठवले, तर हे काम फार खर्चाचे नाही. रायफलीपेक्षा तर नक्कीच स्वस्त आहे.

आणि स्पर्धेच्या नावानेच मुलाची झोप उडत असेल, पोट दुखत असेल, उलट्या होत असतील, आवडता खेळ नकोसा झाला असेल, तर त्याला नाटक म्हणू नये. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. काही महिने खेळ थांबवावा लागला तरी चालेल. थांबणे म्हणजे हरणे नव्हे, हे नेमबाजी स्वतःच शिकवते. नेम जमत नसेल तर बंदूक खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा उचलायची.

पुढच्या वेळी मूल स्पर्धेवरून घरी येईल, तेव्हा दारातच 'किती आले?' असे विचारू नये. 'आज बंदूक किती वेळा खाली घेतलीस?' असे विचारून पाहावे. मूल आधी चकित होईल, मग मनापासून सांगू लागेल.