वाळा : बांधावरचा, बाटलीतला आणि नाल्यातला

उन्हाळा लागला की माठात वाळ्याची जुडी टाकण्याची रीत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही अजून टिकून आहे. उत्तरेत याच वाळ्याला खस म्हणतात. दारा-खिडक्यांना खसच्या टट्ट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत राहणे, ही तिकडच्या जुन्या सरकारी कचेऱ्यांची वातानुकूलन व्यवस्था होती. आयुर्वेदातला उशीर तो हाच. ज्वरातील तहान व दाह शमवण्यासाठी सांगितलेल्या षडंगपानीयात मुस्ता, पर्पटक, चंदन यांच्या जोडीला उशीर असतो.

या गवतावर लिहिताना हल्ली 'बहुगुणी' हे विशेषण हमखास येते. माती धरून ठेवते, पाणी शुद्ध करते, औषधी आहे, सुगंधी तेल देते, शेतकऱ्याला पैसा देते. यांतले प्रत्येक विधान आपापल्या जागी खरे आहे. माझा आक्षेप आहे तो ही सगळी विधाने एकाच योजनेच्या टिपणीत एकाखाली एक लिहिण्याला. कारण हे गुण एकाच ठोंबातून मिळत नाहीत. एक घ्यायचा तर दुसरा सोडावा लागतो.

आधी बांधावरचा वाळा घेऊ. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटर किंवा त्याहूनही खोल. समपातळी रेषेवर १० ते १५ सेंटीमीटर अंतराने ठोंब लावले की दोन-तीन पावसाळ्यांत सलग, दाट कुंपण तयार होते. ते पाणी अडवून धरत नाही, फक्त त्याचा वेग मोडते. गाळ मागे साचतो, पाणी झिरपत पुढे जाते आणि काही वर्षांत उताराला आपोआप पायरी पडते. जून पाने जनावरे सहसा खात नाहीत, त्यामुळे राखण फारशी लागत नाही. जॉन ग्रीनफील्ड यांनी १९५० च्या दशकात फिजीतील उसाच्या उतारांवर ही पद्धत रुजवली. पुढे जागतिक बँकेने १९८७ साली याच विषयावर एक छोटी पुस्तिका काढून भारतात तिचा पुरस्कार केला. गंमत अशी की कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरातील शेतकरी शंभराहून अधिक वर्षे आपल्या शेतांच्या हद्दींवर हेच गवत राखत आले होते. त्यासाठी त्यांना कुणाच्या पुस्तिकेची गरज पडली नव्हती.

मग ही पद्धत देशभर का पसरली नाही? मला दिसणारे उत्तर मोजमाप पुस्तकात आहे. मातीचा बांध घनमीटरमध्ये मोजता येतो, त्याची मजुरी निघते, देयक मंजूर होते आणि काम मार्चपूर्वी 'पूर्ण' दाखवता येते. गवताच्या ओळीचे तसे नाही. तिची रोपवाटिका वर्षभर आधी हवी, लागण पहिल्या पावसात व्हायला हवी, आणि मेलेल्या ठोंबांच्या जागी दुसऱ्या वर्षी नवे लावायला हवेत. ओळीत हातभर खिंड राहिली तर सगळे पाणी तिथूनच धावते. पण दुसऱ्या वर्षीच्या या किरकोळ खर्चासाठी अंदाजपत्रकात शीर्ष नसते. जे काम स्वस्त आहे आणि हळू होते, त्याला आपल्या व्यवस्थेत वाली मिळणे अवघड. कोकण रेल्वेने दरडी सावरण्याच्या कामात वाळ्याची लागवड केली आहे. तिथे उतार ढासळला तर गाडी थांबते, म्हणून देखभालीला धनी आहे.

आता बाटलीतला वाळा. तेल आणि औषध दोन्ही मुळांत असतात, म्हणजे ती मिळवायची तर ठोंब मुळासकट उपटावा लागतो. साधारण वर्ष-दीड वर्षाने खोल खणून मुळे काढतात. कनौजच्या डेग-भपक्यात असो वा आधुनिक संयंत्रात, त्यांतून अत्यल्प तेल निघते आणि ऊर्ध्वपातन तासन्‌तास चालते. हा व्यवसाय चांगला आहे. तमिळनाडूत कडलूरच्या सपाट, वालुकामय पट्ट्यात तो शोभतो. लखनौच्या सीमॅप संस्थेने त्यासाठी सुधारित वाणही दिले आहेत. परंतु उतारावर लावलेला वाळा तेलासाठी उपटला, तर मोकळी झालेली माती पुढच्याच पावसात वाहून जाते. हैतीच्या डोंगरउतारांवर नेमके हेच घडत आले आहे. तेव्हा मृदसंधारणाच्या योजनेत 'मुळांच्या विक्रीतून उत्पन्न' असा रकाना पाहिला की मला धास्ती वाटते.

तिसरा वाळा नाल्यातला, आणि खरी चिंता याचीच. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद तो भराभर शोषतो. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही उचलतो आणि ते प्रामुख्याने मुळांतच साठवून ठेवतो. तलावावर तराफे सोडून किंवा कारखान्यांच्या पडीक जागेत लावून त्याचा उपयोग अवश्य करावा. मात्र वाळलेली मुळी हातात घेऊन ती नाल्याकाठची की शेतातली हे सांगता येत नाही. सुगंध दोन्हींना येतो. जे मूळ विष गोळा करण्यासाठी लावले, तेच स्वस्तात विकले जाऊन कुणाच्या काढ्यात, सरबतात किंवा माठात उतरू शकते. स्वच्छतेचे काम नगरपालिकेकडे, औषधी वनस्पती आयुष विभागाकडे, सुगंधी पिके आणखी तिसरीकडे. त्यामुळे या मुळीचा प्रवास एकाच्याही धारिकेत पूर्ण दिसत नाही.

उपाय फार अवघड नाहीत. बांधासाठी दक्षिणेतला, सहसा रुजणारे बी न धरणारा प्रकार निवडावा, म्हणजे तो शेतात पसरत नाही; आणि तिथे खणण्यास मंजुरीच्या आदेशातच मनाई असावी. तेलासाठी सपाट, हलकी जमीन ठरवून द्यावी. सांडपाण्यावर वाढलेल्या मुळांची विल्हेवाट कशी लावणार, हे लागवडीच्या निविदेतच लिहून घ्यावे. आणि औषधासाठी मुळे खरेदी करणाऱ्याने पावतीवर ती कोणत्या गावच्या, कोणत्या गट क्रमांकातून निघाली हे नोंदवावे, तसेच प्रत्येक खेपेची जड धातूंसाठी तपासणी करावी. पुढच्या पावसाळ्याची रोपवाटिका आताच मांडावी लागेल, तेव्हा हे आदेशही त्याआधीच निघालेले बरे.