हंगाम वाचला कोणाचा, बुडाला कोणाचा?

हंगाम हा शब्द आमच्या चामोर्शी तालुक्यातल्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. धानाचा हंगाम, मोहाचा हंगाम, तेंदूपत्त्याचा हंगाम, तेलंगणात मिरची तोडायला जाण्याचा हंगाम. आमचे वर्षच हंगामांनी मोजले जाते. हंगाम बुडणे म्हणजे काय, हेही आम्हाला पुरते ठाऊक आहे. बुडालेला हंगाम परत येत नाही. येतो तो पुढचा, आणि तोपर्यंत सावकाराचे व्याज वाढलेले असते. म्हणूनच कोरोनाच्या काळात एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा हंगाम कसा वाचवला गेला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी नीट समजून घेतली पाहिजे. फुटबॉलशी आपला काय संबंध, असे म्हणून कोणी पान उलटू नये. संबंध आहे आणि तो जवळचा आहे.

मुंबई सिटी एफसी हा इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा महाराष्ट्राचा क्लब. पुण्याचा क्लब २०१९ मध्ये बंद झाला, त्यानंतर या लीगमध्ये महाराष्ट्राचे नाव सांगायला हा एकच उरला. त्याचे घरचे मैदान अंधेरीच्या क्रीडा संकुलात. २०१९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या समूहाने या क्लबचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. मोठे भांडवल आले, मोठी स्वप्ने आली. आणि मागोमाग कोरोना आला.

१४ मार्च २०२० रोजी या लीगची अंतिम लढत गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. दहा दिवसांनी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि अवघ्या चार तासांत देश बंद झाला. दुसरी मोठी स्पर्धा म्हणजे आय-लीग. तिचे उरलेले सामने रद्द करून आघाडीवर असलेल्या मोहन बागानला विजेते घोषित केले गेले. लहान वयोगटांच्या युवा लीगही गुंडाळल्या गेल्या.

पुढचा हंगाम होणार की नाही, हा प्रश्न होता. तो झाला! २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात अकरा क्लबांचे सगळेच्या सगळे ११५ सामने गोव्यातल्या तीनच मैदानांवर खेळवले गेले. फातोर्डा, बांबोळीचे जीएमसी मैदान आणि वास्कोचे टिळक मैदान. प्रत्येक संघासाठी स्वतंत्र हॉटेल, आधी विलगीकरण, मग वारंवार तपासण्या, सरावाला जायला ठरलेला रस्ता आणि ठरलेली बस, बाहेरच्या माणसाला मज्जाव. या व्यवस्थेला बायो-बबल म्हणत. मराठीत सांगायचे तर बुडबुडा. या बुडबुड्यात मुंबई सिटीने ४० गुण मिळवून साखळीत पहिला क्रमांक पटकावला आणि अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ असे हरवले. मणिपूरच्या बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला विजयाचा गोल केला. क्लबच्या इतिहासातले हे पहिले विजेतेपद, आणि अंधेरीच्या घरच्या मैदानावर एकही सामना न खेळता ते मिळाले.

आम्हाला या विजयाचे दुःख नाही. महिनोन्महिने घरापासून दूर राहून, घरात आजारपण असताना मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंचे कष्ट आम्ही कमी लेखत नाही. त्यांत ईशान्येकडच्या गरीब घरांतली, डोंगरदऱ्यांतली कितीतरी पोरे आहेत. पुढे एप्रिल २०२२ मध्ये याच क्लबने सौदी अरेबियात इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. याचा अभिमान आम्हालाही आहे. आमचा सवाल खेळाडूंना नाही, व्यवस्थेला आहे.

सवाल असा. महामारीत चार महिने अकरा संघ सांभाळता येतात, हे या देशाने सिद्ध करून दाखवले. म्हणजे जे अशक्य म्हटले जात होते ते शक्य होते. मग ते कोणासाठी शक्य झाले आणि कोणासाठी झाले नाही?

उदाहरणे हवीत? पहिले उदाहरण महिलांचे. इंडियन विमेन्स लीग २०२० च्या फेब्रुवारीत संपली, ती पुन्हा भरली थेट २०२२ च्या एप्रिलमध्ये. या मधल्या काळात पुरुषांच्या सुपर लीगचे दोन पूर्ण हंगाम गोव्याच्या बुडबुड्यात पार पडले. पुरुषांसाठी दोन बुडबुडे, बायकांसाठी एकही नाही.

दुसरे उदाहरण जानेवारी २०२२ चे. गोव्यात सुपर लीगच्या संघांत कोरोना शिरला तेव्हा सामने पुढे ढकलले आणि नंतर खेळवले गेले. त्याच महिन्यात आपल्या नवी मुंबईत महिलांचा आशिया चषक चालू होता. यजमान भारतीय संघात एवढ्या मुली बाधित झाल्या की २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध संघच उभा करता आला नाही. नियमावर बोट ठेवून भारताने माघार घेतली असे मानले गेले. स्पर्धा गेली, तिच्यातून विश्वचषकाला जाण्याची वाटही बंद झाली. दोन्ही स्पर्धांचे आयोजक वेगळे होते, हे आम्हाला मान्य. पण एकीकडे नियम माणसासाठी वाकला आणि दुसरीकडे माणूस नियमासाठी मोडला, हे कसे नाकारणार?

तिसरे उदाहरण सर्वात बोचणारे आहे. १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२० मध्ये भारतात व्हायचा होता. नवी मुंबईत त्याचे सामने होणार होते. तो आधी २०२१ वर ढकलला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रद्दच केला. यजमानपद भारताला २०२२ साठी पुन्हा मिळाले, त्यामुळे अधिकाऱ्यांचे काहीच बुडाले नाही. मुलींचे बुडाले. २०२० च्या स्पर्धेसाठी २००३ साली जन्मलेल्या मुली पात्र होत्या. २०२२ साठी जन्म २००५ किंवा त्यानंतरचा हवा होता. २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या ज्या पोरींनी त्या एका स्पर्धेसाठी घाम गाळला, त्या वयाने बाद झाल्या. आता पुरुषांचे पाहा. टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले तेव्हा पुरुष फुटबॉलसाठी २३ वर्षांची अट होती. तेथे १९९७ साली जन्मलेल्यांना, म्हणजे २४ वर्षांच्यांना खेळू दिले गेले. महामारी तीच, खेळ तोच, जागतिक संघटनाही तीच. एकाचे वय थांबले आणि एकीचे वय निघून गेले!

चौथे उदाहरण आपल्या विदर्भाचे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना गोळा करून फुटबॉल उभा केला. त्यातूनच नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला, तोही महामारीमुळे रखडून ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. या मुलांना जगाच्या मैदानावर नेणारी स्पर्धा म्हणजे बेघरांचा विश्वचषक, होमलेस वर्ल्ड कप. ही स्पर्धा २०२० मध्ये रद्द झाली, २०२१ मध्ये झाली नाही, २०२२ मध्येही झाली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पुन्हा सुरू झाली. बेघरांसाठी कोणी हॉटेल घेतले नाही. ज्याला घरच नाही त्याला घरात थांबा असे सांगणारी ही व्यवस्था त्याच्यासाठी बुडबुडा कशाला बांधेल?

आता कोणी म्हणेल की हा पैशाचा प्रश्न आहे. सुपर लीगमागे रिलायन्स होते, दूरचित्रवाणीचे करार होते, जाहिरातदार होते. सामना झाला नाही तर पैसा बुडणार होता, म्हणून सामना वाचवला गेला. खरे आहे, आणि आमचे म्हणणे नेमके हेच आहे. या देशात हंगाम खेळाडूसाठी वाचत नाही, त्यात गुंतलेल्या पैशासाठी वाचतो. जेथे पैसा गुंतलेला नाही तेथे ती जबाबदारी सरकारची असते. आणि सरकारने काय केले? मे २०२१ मध्ये झारखंडच्या धनबाद जिल्ह्यातली, देशाचे प्रतिनिधित्व केलेली एक आदिवासी फुटबॉलपटू वीटभट्टीवर काम करताना देशाने पाहिली. बातमी आली तेव्हा मदतीची धावपळ झाली. बातमी आली नाही अशा किती असतील? त्याच महिन्यात बांबोळीच्या मैदानाशेजारच्या गोवा मेडिकल कॉलेजात ऑक्सिजनच्या पुरवठ्यातील अडचणींमुळे रुग्ण दगावल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात पोचले. मैदानावर दोन-अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत बुडबुडा चोख होता. रस्त्यापलीकडे श्वासाची सोय नव्हती.

चामोर्शीत या सगळ्याचे काय, असे विचाराल तर सांगतो. आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या मुलचेऱ्यात पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या बंगाली बांधवांच्या वस्त्या आहेत. त्यांतले बहुसंख्य नामशूद्र. १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून पाठवले, तो हाच समाज. पश्चिम बंगालमध्ये तो अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्रात नाही. यांच्या घरात फुटबॉल हा मुळाशी जोडणारा खेळ आहे. विस्थापितांनी आपला मानलेला ईस्ट बंगाल क्लब १ ऑगस्ट २०२० रोजी शंभर वर्षांचा झाला आणि तो दिवस कुलूपबंद देशात गेला. सुपर लीगमधली त्याची मोहन बागानशी पहिली झुंज कोलकात्यात झाली नाही, वास्कोत रिकाम्या मैदानावर झाली. पण दूरचित्रवाणीवर का होईना, ती झाली. आमच्या वस्त्यांतल्या, टोल्यांतल्या पोरांचा सामना दूरचित्रवाणीवरही झाला नाही.

आमच्याकडच्या मुलामुलींना खेळात पुढे जाण्याचा एकच रस्ता आहे. शाळा किंवा आश्रमशाळा, मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. अकादमी नाही, खासगी प्रशिक्षक नाही, बापाच्या खिशात बुटांचे पैसे नाहीत. मार्च २०२० मध्ये आश्रमशाळा बंद झाल्या आणि पोरे गावी परतली. २०२०-२१ मध्ये शालेय स्पर्धांचे मैदान बंदच राहिले, पुढच्या वर्षीही घडी बसली नाही. शहरातल्या पैसेवाल्याच्या पोराने सोसायटीच्या आवारात सराव केला. आमचा पोरगा बापाबरोबर रोवणीला गेला, पोरगी महुआ वेचायला गेली. काहींची शाळा सुटली ती सुटलीच. काही मुलींची लग्ने लागली.

खेळ बुडाला तर एवढे काय बिघडले, असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. आमच्या पोरांसाठी खेळाचे प्रमाणपत्र ही भिंतीवर लावायची वस्तू नाही, ती भाकरीची वाट आहे. स्पर्धाच झाली नाही तर प्रमाणपत्र कोठून येणार? चौदाव्या वर्षी हुकलेली स्पर्धा सतराव्या वर्षी खेळता येत नाही. बाबासाहेबांनी १९४९ मध्ये संविधान सभेत बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. ती विसंगती मैदानातही तशीच उभी आहे. नियम सर्वांना एक, पण तो पाळायची साधने मूठभरांना.

उपाय नाही असे नाही. शासनानेच तो एकदा केला आहे. कोरोनामुळे परीक्षा लांबल्या तेव्हा १ मार्च २०२० ते १७ डिसेंबर २०२१ या काळात वयोमर्यादा ओलांडलेल्या लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांना एक संधी वाढवून दिली गेली. निर्णय योग्यच होता. काळाने केलेला अन्याय कायद्याने भरून काढता येतो, हे तेव्हा शासनाने मान्य केले. मग तोच न्याय खेळाडूला का नाही?

आमच्या मागण्या सरळ आहेत. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांत ज्यांच्या वयोगटाच्या स्पर्धा झाल्या नाहीत, त्यांची आधीची जिल्हा व विभागस्तरावरची कामगिरी क्रीडा आरक्षणासाठी विशेष बाब म्हणून धरावी आणि भरतीत त्यांना एक वाढीव संधी द्यावी. तालुका क्रीडा संकुलांत आणि आश्रमशाळांत पूर्णवेळ क्रीडा शिक्षक, मुलींसाठी वेगळी वेळ व सुरक्षित वाहतूक असावी. महाराष्ट्राचे नाव लावणाऱ्या व्यावसायिक क्लबांना गडचिरोली-चंद्रपुरात निवड चाचण्या घ्यायला शासनाने भाग पाडावे. आणि पुढच्या आपत्तीसाठी आजच लिखित आराखडा करावा, ज्यात शाळकरी मुलांच्या स्पर्धा शेवटी नव्हे, आधी येतील. आपत्ती काही विषाणूचीच असते असे नाही. २०२५ च्या जुलैमध्ये कराराच्या वादातून खुद्द सुपर लीगचा हंगामच लटकला. तेव्हा बड्या क्लबांनाही कळले की हंगाम अनिश्चित असणे म्हणजे काय. आमची पोरे ती अनिश्चितता जन्मापासून खेळत आली आहेत.

वाचक बंधुभगिनींनो, हे काम निवेदनाने सुरू होते पण निवेदनावर संपत नाही. आपापल्या गावात, विहारात, समाजमंदिरात, बंगाली वस्तीत, गोंड टोल्यावर बसून यादी करा. २०२० साली कोण कोणत्या वर्गात होते, काय खेळत होते, कुठवर पोचले होते आणि आज काय करीत आहे. नाव, जन्मतारीख, शाळा, जुने प्रमाणपत्र. ही यादी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा आणि पोच घ्या. मुंबई सिटीच्या वाचलेल्या हंगामाची नोंद पुस्तकात झाली आहे, गुणांसह, गोलांसह, मिनिटासह. आमच्या पोरांच्या बुडालेल्या हंगामाची नोंद कोणीच ठेवलेली नाही. ज्याची नोंद नाही त्याची भरपाईही नाही. म्हणून ती नोंद आपणच करू या.